पाठांतर पाहुण्याच्या विधानांचं

ऑक्टोबर २००७. गुजरातची निवडणूक तोंडावर आली होती आणि ‘सीएनएन-आयबीएन’च्या ‘डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट’साठी मुख्यमंत्री नरेंद्र मोदी पत्रकार करण थापर यांच्यासमोर बसले होते. २००२च्या गुजरात दंगलीतल्या हत्यांबद्दल तुम्ही खेद का व्यक्त करत नाही, हा प्रश्न थापर यांनी लावून धरला. मोदींनी पाणी मागितलं, माइक काढला आणि मुलाखत संपली. जेमतेम तीन मिनिटं झाली होती.

थापर यांची सगळी कारकीर्द लोक या एका प्रसंगावर तोलतात, हे काही बरोबर नाही. लष्करप्रमुख प्राणनाथ थापर यांचा हा मुलगा केंब्रिजमध्ये शिकला, नायजेरियातून ‘द टाइम्स’साठी बातम्या दिल्या आणि नंतर ‘लंडन वीकेंड टेलिव्हिजन’मध्ये अकरा वर्षं राहिला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते भारतात परतले तेव्हा इथे खासगी वृत्तवाहिन्या नव्हत्या; बातम्यांची मासिकं व्हिडिओ कॅसेटवर निघत. त्यातलंच ‘आयविटनेस’ त्यांनी चालवलं. पुढे बीबीसीवरच्या ‘हार्डटॉक इंडिया’त कपिल देव २००० साली ढसाढसा रडले, तर २००४ मध्ये जयललितांनी जाता जाता, तुमच्याशी बोलून आनंद झाला नाही, असं तोंडावर सुनावलं.

त्यांचं बळ आहे ते तयारीत. पाहुणा पूर्वी कुठे काय बोलला, हे त्यांना पाहुण्यापेक्षा जास्त पाठ असतं. निवडणूक-रणनीतीकार प्रशांत किशोर यांनी २०१४च्या प्रचारासाठी मोदींना ती तीन मिनिटांची फीत पुन्हा पुन्हा दाखवली, असं माजी राजनैतिक अधिकारी पवन वर्मांच्या हवाल्याने थापर यांनी आपल्या पुस्तकात लिहिलंय. गंमत अशी की मे २०२४ मध्ये हेच किशोर त्यांच्यासमोर बसले. हिमाचलच्या निवडणुकीबद्दलचं तुमचं भाकीत चुकलं होतं ना, एवढं विचारताच ते चिडले आणि तसं बोलल्याचा व्हिडिओ दाखवा म्हणू लागले.

खोडही आहेच. ते मध्येच तोडतात, कधी कधी उत्तर जन्मायच्या आत. मोदी निघून गेले, तेव्हा गाजावाजा थापर यांचा झाला. प्रेक्षकाच्या पदरात उत्तर पडलं नाही. याउलट एप्रिल २०२३ मध्ये ‘द वायर’ या संकेतस्थळावर त्यांनी जम्मू-काश्मीरचे माजी राज्यपाल सत्यपाल मलिक यांना बोलू दिलं. पुलवामाच्या हल्ल्याआधी केंद्रीय राखीव पोलीस दलाने जवानांसाठी विमानं मागितली होती, ती गृहमंत्रालयाने नाकारली, हा मलिकांचा आरोप त्या मुलाखतीमुळे देशभर पोहोचला. मोठ्या वाहिनीच्या पडद्यावर मात्र तेव्हा थापर नव्हते. भाजपचे नेते त्यांच्या कार्यक्रमांना येईनासे झाले, त्यालाही बरीच वर्षं लोटली होती.

थापर यांच्या या तयारीच्या उलट, आपल्या मराठी वाहिन्यांवर रोज संध्याकाळी सहा चौकटींत सहा प्रवक्ते एकाच वेळी ओरडतात. संपादकांनी आठवड्यातून एकदा तरी एकाच नेत्याला अर्धा तास द्यावा आणि त्याची जुनी विधानं वाचून आलेला माणूस त्याच्यासमोर बसवावा.