खाली दुकान, वर बिऱ्हाड

घोरावाडीच्या डोंगरातली लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरली गेली. आज तिथे घोरावडेश्वर महादेव आहे आणि महाशिवरात्रीला पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. वास्तूचा वापर बदलल्याने तिचा अपमान होत नाही, हे मावळच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. डोंगराखालच्या बाजारपेठांबाबत मात्र आपण हे विसरतो आहोत, म्हणून यंदाच्या दिवाळीत हा विषय.

तळेगावचा गावभाग, वडगाव, लोणावळा इथल्या जुन्या घरांची रीत एकच, खाली दुकान, वर बिऱ्हाड. रस्त्यालगत ओटा. शटरऐवजी लाकडी फळ्या, चौकटीच्या खाचेत एकेक सरकवायच्या; प्रत्येकीवर आकडा, कारण फळी तिच्याच जागी बसते. सागवानी खांब-तुळया, मातीच्या भिंती. डागडुजी म्हणून अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आत कोंडते आणि भिंतीतलं लाकूड कुजू लागतं. मग घर ‘धोकादायक’ ठरतं. आमच्या पावसात तर हे फार लवकर होतं. तिथे चुनाच हवा, आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडीही.

पण पैसा कुठून येणार? पुण्याच्या पेठांत भाडेनियंत्रणाखालच्या तुटपुंज्या भाड्यात कौलंही बदलून होत नाहीत. मालक हात आखडतो, भाडेकरू जागा सोडत नाही, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत घर खचतं. भाड्याचं बंधन उठवलं की सगळं सुटेल, असं म्हणणाऱ्यांनी मलेशियातल्या जॉर्ज टाउनकडे पाहावं. तिथेही अशीच दुकानघरं आहेत. 2000 साली भाडेनियंत्रण संपलं आणि जुनी बिऱ्हाडं भराभर उठली. 2008 मध्ये शहर जागतिक वारसायादीत आलं. घरांची हॉटेलं, कॅफे झाले. दर्शनी भाग झळाळले, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले शेजारी परतले नाहीत. आम्हाला हे जतन अपुरं वाटतं.

कॅफेला आमचा विरोध नाही. वीकेंडच्या पर्यटकांवर लोणावळ्याचं पोट चालतं. पण त्याच रांगेत अभ्यासिका, दवाखाना, शिलाईचं दुकान, खानावळही हवी, आणि वर दिवा लावणारं कुटुंब हवं. नव्या भाडेकरूने आत नळ, वीज, पंखे हवे तसे करावेत. ओटा, फळ्या आणि जिना मात्र तसेच ठेवावेत. ओट्यावर येणारा-जाणारा टेकतो, भाजीवाली पाटी उतरवते. ओटा गेला की पेठेचं घराशी बोलणं तुटतं, आणि रस्तारुंदीत पहिला घाव त्याच्यावरच पडतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. रुंदीकरणाच्या रेषा आखण्याआधी आमच्या नगरपरिषदांनी आणि वडगावच्या नगरपंचायतीने पेठेतली प्रत्येक जुनी इमारत पाहून तिची नोंद करावी. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा-इमारतींसाठी तरतूद आहे, ती नियमावली जिथे लागू आहे तिथे वापरावी. मालकाला दुरुस्तीसाठी घरपट्टीत सूट द्यावी, पण बिऱ्हाड टिकवण्याच्या अटीवर. वाचकांपैकी जे अशा घरांचे मालक किंवा भाडेकरू आहेत, त्यांनी या दिवाळीत एकत्र बसून हा विषय काढावा.