फाइल मराठीतून वाचायला लावा

संगणकाच्या वर्गात फाइल वाचायला शिकवताना बहुधा इंग्रजी मजकूर घेतला जातो. माझं म्हणणं असं, की ती फाइल मराठी किंवा उर्दू द्यावी, आणि निदान एकदा असेंब्ली भाषेत शेवटपर्यंत वाचायला लावावी. मी भाषेचा शिक्षक आहे. म्हणूनच हे आग्रहाने मांडतो.

इतर भाषांत एका ओळीच्या आज्ञेने अख्खी फाइल हातात येते. असेंब्लीत तसं नाही. लिनक्सवर 'रीड' हा सिस्टिम कॉल करताना सांगावं लागतं : कोणती फाइल, कुठे ठेवायचं, जास्तीत जास्त किती बाइट. उत्तर म्हणून रजिस्टरमध्ये एक आकडा येतो. 512 बाइट मागितले आणि 300 मिळाले, म्हणजे फाइल संपलीच असं नाही, पुन्हा मागायचं. शून्य आलं की संपली. ऋण आकडा आला तर ती चूक, शेवट नव्हे. आणि 300 मिळाले तर 300च छापायचे. पूर्ण 512 छापले, तर मागच्या फेरीतला शिळा मजकूर शेवटी चिकटतो.

शेवटाची खूण फाइलमध्येच असते, हा समज जुना आहे. सीपी/एम प्रणालीत फाइलची लांबी 128 बाइटच्या तुकड्यांत मोजली जाई, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला ते दाखवायला 26 हा आकडा लिहीत. पण पीएनजी चित्राच्या फाइलचा सातवा बाइटच 26 असतो! खुणेवर विसंबणारा प्रोग्राम तिथेच थांबेल.

आता आपल्या भाषांचं पाहा. यूटीएफ-8 मध्ये साधं इंग्रजी अक्षर एका बाइटचं, उर्दूचं दोन, देवनागरीचं तीन. काना-वेलांटीचे पुन्हा तीन-तीन. 'मराठी' या शब्दाला 15 बाइट लागतात. 512 ला तीनने भागलं तर दोन उरतात. म्हणजे सलग देवनागरी मजकुराचा पहिला तुकडा 171व्या चिन्हाच्या मध्येच तुटतो. ते दोन बाइट पुढच्या तुकड्याला जोडले नाहीत, तर पडद्यावर अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. साध्या इंग्रजी फाइलवर मात्र हाच प्रोग्राम बिनचूक ठरतो.

हीच मुलं उद्या शाळेचे दाखले आणि रेशनकार्डं छापणारे प्रोग्राम लिहिणार आहेत. नावातलं एक अक्षर तुटलं, तर कचेरीत हेलपाटे घालावे लागतात ते ज्याचं नाव आहे त्याला. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत एक मराठी आणि एक उर्दू फाइल हवीच. त्यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. फक्त फाइल बदलायची आहे.