संशयाची किंमत कोणी मोजायची?

अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील विमानतळावर २० नोव्हेंबर २००६ रोजी सहा इमाम एका धार्मिक परिषदेहून घरी परतण्यासाठी आले होते. विमान सुटण्यापूर्वी त्यांच्यापैकी काहींनी प्रतीक्षाकक्षातच सायंकाळची नमाज अदा केली. विमानात त्यांच्या जागा पुढेमागे विखुरलेल्या होत्या. दोघांनी कमरेचा पट्टा अपुरा पडतो म्हणून जोडपट्टा मागितला. एवढ्यावरून एका सहप्रवाशाने चिठ्ठी लिहून सेविकेच्या हाती दिली. सहाही जणांना उतरवण्यात आले, बेड्या घालण्यात आल्या, काही तास चौकशी झाली आणि आक्षेपार्ह असे काहीच न आढळल्याने त्यांना सोडून देण्यात आले. तरीही दुसऱ्या दिवशी यू. एस. एअरवेज या त्याच कंपनीने त्यांना तिकीट नाकारले.

अशा प्रसंगी दोन ठराविक प्रतिक्रिया उमटतात. ‘हा धर्मद्वेष आहे’ ही पहिली; ‘शेकडो प्राणांचा प्रश्न असताना चार तासांच्या गैरसोयीचे काय एवढे’ ही दुसरी. दुसरी प्रतिक्रिया झटकून टाकण्यासारखी नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानात पाय ठेवणाऱ्या माणसाच्या मनात भीती असेल, तर तिला वेडगळ ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या दुसऱ्या प्रतिक्रियेला व्यवहारी म्हटले जाते, ती व्यवहाराच्याच कसोटीला उतरते का, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. वेश, दाढी, पगडी वा प्रार्थना यांवरून घेतलेल्या संशयाने सुरक्षितता खरोखर वाढते काय? आणि त्या संशयाची किंमत कोणाच्या खिशातून जाते?

आकडे काय सांगतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा कोटी प्रवाशांत दहा घातपाती आहेत असे समजा. त्यांना ओळखण्याची एखादी पद्धत इतकी तरबेज आहे की दहांपैकी नऊ जण तिच्या जाळ्यात सापडतात, आणि निरपराध माणसावर ती शंभरात एकदाच चुकीचा आळ घेते. प्रत्यक्षात एवढी अचूक पद्धत कोणाच्याही हाती नाही. तरीदेखील नऊ खऱ्या गुन्हेगारांबरोबर सुमारे दहा लाख निरपराध माणसे अडवली जातील. म्हणजे एका गुन्हेगारामागे एक लाखाहून अधिक. धोका जितका दुर्मीळ, तितके खोट्या संशयाचे प्रमाण मोठे, हा संख्याशास्त्राचा नियम आहे आणि कोणत्याही देशभक्तीने तो बदलत नाही.

पहारेकऱ्याचे लक्ष ही वस्तू मर्यादित आहे, हेही विसरता येत नाही. नमाज पढणाऱ्या माणसावर खिळलेली नजर त्याच वेळी दुसरीकडे नसते. शिवाय धर्मचिन्ह ही घातपात्याला सहज उतरवून ठेवता येणारी गोष्ट आहे. २००१ च्या कटाचा म्होरक्या त्या सकाळी विमानतळावरील कॅमेऱ्यात टिपला गेला, तो गुळगुळीत दाढी केलेला आणि साधा सदरा घातलेला असा. १७ एप्रिल १९८६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर इस्रायलच्या एल अल कंपनीच्या विमानात चढू पाहणाऱ्या प्रवाशाच्या पिशवीत स्फोटके सापडली. ती पिशवी एका गर्भवती आयरिश तरुणीची होती. तिच्या प्रियकराने तिच्या नकळत ती स्फोटके त्यात दडवली होती. बारकाईने विचारलेले प्रश्न आणि सामानाची कसून तपासणी यांमुळे ते विमान वाचले. नुसत्या चेहऱ्यावर भिस्त ठेवली असती, तर सर्वांत आधी तिलाच आत सोडले गेले असते.

भारताने तर याहून दारुण धडा घेतला आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिक महासागरावर स्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ जण प्राणास मुकले. बॉम्ब एका बॅगेत होता. ती बॅग सोपवणारा प्रवासी विमानात चढलाच नव्हता. पुढच्या प्रवासातील त्याचे आसन निश्चित झालेले नसतानाही व्हँकुव्हर येथे त्याचे सामान पुढे पाठवण्यात आले. टोरांटो येथे क्ष-किरण यंत्र बंद पडले होते. प्रवाशांच्या पगड्या कितीही निरखल्या असत्या, तरी तो बॉम्ब सापडला नसता. ‘प्रवासी विमानात नसेल, तर त्याचे सामानही विमानात असता कामा नये’ हा नियम कसोशीने पाळला गेला असता, तर कदाचित ते विमान दिल्लीला पोहोचले असते. हा नियम कोणाचा धर्म विचारत नाही, म्हणूनच तो अधिक उपयोगी आहे.

फुकटचा संशय

आता दुसरा प्रश्न, किमतीचा. संशयाचा खर्च आणि संशयाचा लाभ ही दोन वेगवेगळ्या खात्यांवर मांडली जातात. मनाची शांती शेकडो प्रवाशांना मिळते. वेळ, पैसा आणि अब्रू मोजतो तो एकटा प्रवासी. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा एक करच आहे. मात्र तो उत्पन्नावर नसून श्रद्धेवर बसतो, त्याची पावती मिळत नाही आणि तो परतही केला जात नाही. जी वस्तू वापरणाऱ्याला फुकट मिळते तिची उधळपट्टी होते, हे बाजारातले सत्य संशयालाही लागू पडते.

अमेरिकेतील घटनांनी ते अधोरेखित केले. मिनिआपोलिसच्या इमामांनी मार्च २००७ मध्ये दावा दाखल केला आणि त्यात तक्रार करणाऱ्या अनाम प्रवाशांनाही गोवले. तेव्हा अमेरिकी काँग्रेसने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमलात आलेल्या कायद्यात एक तरतूद घातली: सद्‌भावनेने व वाजवी संशयावरून माहिती देणाऱ्यावर दावा चालणार नाही. तीमागील हेतू रास्त होता. घाबरलेल्या नागरिकाने तोंड उघडण्यापूर्वी वकील गाठावा, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु चिठ्ठी लिहिणाऱ्याला संरक्षण दिल्यावर, ती चिठ्ठी वाचून कृती करणाऱ्या अधिकाऱ्याची आणि कंपनीची जबाबदारी दुपटीने वाढते. जुलै २००९ मध्ये संघीय न्यायालयाने नेमके हेच बजावले. ही अटक योग्य आहे असे कोणत्याही समंजस अधिकाऱ्याला वाटू शकले नसते, असा अभिप्राय न्यायाधीशांनी नोंदवला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली.

विमान कंपन्यांचा हिशेब मात्र निराळा राहिला. जुलै २०१६ मध्ये पॅरिसहून सिनसिनाटीला जाणाऱ्या डेल्टा कंपनीच्या विमानातून एका मुस्लिम दांपत्याला उतरवण्यात आले. कंपनीच्या स्वतःच्या सुरक्षा विभागाने आक्षेपार्ह काही नाही असे कळवले होते. तरीही वैमानिकाने त्यांना परत घेण्याचे नाकारले. हे प्रकरण आणि त्याच महिन्यातील तशाच स्वरूपाचे दुसरे एक प्रकरण मिळून अमेरिकेच्या वाहतूक खात्याने जानेवारी २०२० मध्ये कंपनीला ५० हजार डॉलर दंड केला. कंपनीने भेदभावाचा आरोप अमान्य केला. २०१९ मध्ये या कंपनीचे वार्षिक उत्पन्न सुमारे ४७ अब्ज डॉलर होते. म्हणजे हा दंड तिच्या एका मिनिटाच्या उत्पन्नाहूनही कमी भरतो. एवढ्या स्वस्तात सुटका होत असेल, तर खबरदारी घेण्याची निकड कोणाला भासणार?

हा प्रश्न एकाच धर्मापुरता आहे असे मानणेही चूक ठरेल. २१ जानेवारी २०१० रोजी न्यूयॉर्कहून लुईव्हिलकडे निघालेले विमान वाटेत फिलाडेल्फियाला उतरवण्यात आले. सतरा वर्षांचा एक ज्यू मुलगा सकाळच्या प्रार्थनेसाठी धर्मवचने असलेल्या छोट्या पेट्या चामड्याच्या पट्ट्यांनी कपाळावर व दंडावर बांधत होता, आणि विमानातील कर्मचाऱ्यांना त्यात स्फोटकाचा भास झाला. अज्ञानाने एका विमानाचा मार्ग बदलला. ते इंधन, तो वेळ आणि ती धास्ती यांचा भार सर्वच प्रवाशांनी उचलला.

मोजपट्टी हवी, मर्जी नको

मग श्रद्धाळू प्रवाशाला तपासूच नये काय? तसा आग्रह कोणीही सुजाण माणूस धरणार नाही. भारतातील कृपाणाचा नियम या बाबतीत लक्षात घेण्याजोगा आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विमान लाहोरला पळवून नेणाऱ्यांच्या हाती कृपाणे होती. म्हणजे भीती निराधार नव्हती. असे असूनही आज देशांतर्गत विमानप्रवासात शीख प्रवाशाला कृपाण जवळ बाळगता येते. पाते ६ इंचांपेक्षा आणि एकूण लांबी ९ इंचांपेक्षा अधिक नसावी, एवढीच अट आहे. ही मर्यादा योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. पण ती लिहिलेली आहे आणि मोजता येते. ती कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नाही.

अमेरिकेतही ऑगस्ट २००७ मध्ये पगडीची तपासणी कर्मचाऱ्याच्या विवेकावर सोपवली गेली, तेव्हा शीख समाजात असंतोष उसळला. ऑक्टोबरमध्ये सुधारित पद्धत आली. नियम सर्वच शिरोवस्त्रांना लागू झाला आणि प्रवाशाने स्वतःच पगडी चाचपावी, मग त्याच्या हातांवरील रासायनिक अंश तपासावेत, असा पर्याय मिळाला. तक्रारी त्यानंतरही थांबल्या नाहीत. परंतु सुरक्षा आणि प्रतिष्ठा एकत्र नांदू शकतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आपल्याकडे या विषयावर संताप उसळतो तो बहुधा थोरांच्या निमित्ताने. एप्रिल २००९ मध्ये माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांची दिल्लीत एका अमेरिकी कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी अंगझडती घेतली. जुलैमध्ये संसदेत गदारोळ झाला आणि कंपनीने माफी मागितली. स्वतः कलामांनी कसलीही तक्रार केली नव्हती. ज्याच्यासाठी संसद थांबत नाही, त्या अनाम प्रवाशाचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात हरवून गेला.

त्या प्रवाशासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. निर्दोष ठरलेल्या प्रवाशाला पुढच्या विमानात विनामूल्य जागा मिळावी. अडवलेल्यांची आणि त्यांतून निष्पन्न झालेल्या गुन्ह्यांची संख्या दरवर्षी जाहीर व्हावी. उतरवण्याचे कारण लेखी दिले जावे, आणि ‘सहप्रवाशांना अस्वस्थ वाटले’ हे कारण पुरेसे मानू नये. यांतील कोणत्याही उपायाने घातपात्याचे काम सोपे होत नाही. सोपे होणे थांबते ते केवळ निष्काळजी संशयाचे. सर्वांच्या सुरक्षिततेची किंमत सर्वांनी मिळून मोजावी, हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे प्राथमिक तत्त्व आहे. ती एकट्या प्रार्थना करणाऱ्याकडून वसूल करणाऱ्या व्यवस्थेला स्वस्त म्हणता येईल. सुरक्षित म्हणता येणार नाही.