ही उचलबांगडी थांबवा

दिवाळीच्या तोंडावर गृहस्थ आकाशकंदील टांगायला शिडीवर चढतो, शिडी धरून उभे असलेले चिरंजीव फटाक्याच्या आवाजाकडे वळतात, आणि गृहस्थ धाडकन अंगणात येतो. पुढे काय होते ते वाचकांना ठाऊकच आहे. चार शेजारी धावतात. एकजण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो, तिसरा 'पाणी आणा, पाणी आणा' म्हणून ओरडतो, आणि त्या बिचाऱ्याचे मुटकुळे करून त्याला ओट्यावर बसवतात. याला मराठीत फार नेमका शब्द आहे : उचलबांगडी. आज आपण तो खुर्चीवरून हटवलेल्यांसाठी वापरतो; पण मूळची उचलबांगडी गावोगाव चालूच आहे, आणि ती माणसाला जन्माचे लुळे करू शकते.

सणाच्या दिवसांत हे कडू लागेल, तरी बोलतो. आपल्याकडे दयेचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो शिकलेल्या हातांचा. मणका मोडला म्हणजे आतला मज्जारज्जू तुटलाच असे नाही. कित्येकदा तो शाबूत असतो, माणूस पायाची बोटे हलवीत असतो. मग आपण प्रेमाने येतो, त्याला मधोमध दुमडतो, आणि मोडक्या हाडाची धार आत घुसते.

हे धाराशिव जिल्ह्याला मी सांगावे, हीच खंत आहे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे निजली होती; पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना भुई हादरली. किल्लारी लातूर जिल्ह्यातली. पण तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर आणि भोवतालची गावेही त्याच फेऱ्यात जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचे जड माळवद. सुमारे आठ हजार माणसे गेली. ढिगाऱ्यात शिरलेला पहिला हात लष्कराचा नव्हता की सरकारचा नव्हता. तो शेजाऱ्याचा होता. अंधारात त्याने हाताला लागले ते ओढले. त्याला दोष कोण देईल? पण पुढे आपण घरे बांधली, भिंतींना पट्टे कसे घालावेत हे गवंड्यांना शिकवले. मोडलेला माणूस कसा धरावा, हे त्यांतल्या किती गवंड्यांना आज ठाऊक आहे?

शाळेत प्रथमोपचार शिकवतात, असे कोणी म्हणेल. शिकवतात ना! व्याख्या आहे, पेटीतल्या वस्तूंची यादी आहे, त्यावर गुण आहेत. फळ्यावर पोहणे शिकवावे तसलाच हा प्रकार. त्यापेक्षा मुलांना मैदानात न्या, एकाला आडवे करा. आग, कोसळती भिंत असा धोका नसेल तर मणक्याच्या जखमीला हलवायचेच नाही. डोके दोन्ही हातांत स्थिर धरून १०८ ला फोन लावायचा. हलवणे भागच पडले तर हुकूम डोके धरणाऱ्याचा. बाकीच्यांनी खांदा, कंबर, पाय एकदम, ओंडका वळवावा तसे वळवायचे आणि खाली फळी सरकवायची. चादरीची झोळी नको. दार उखडा, दार! हात मोडला असेल तर आहे त्या स्थितीतच, वरचा आणि खालचा सांधा धरून बांबूच्या कामट्या किंवा जाड घडीचे वर्तमानपत्र बांधायचे, गळ्यात उपरण्याची झोळी द्यायची, बोटे गार पडली तर गाठ सैल करायची. तुळजापूरला पायी निघालेल्याचा घोटा मुरगळला तर तो चोळू नये, ओले फडके ठेवून पाय उंच धरावा. यात खर्च कसला? पाणीही पाजू नये, कारण शस्त्रक्रिया करावी लागली तर भरले पोट घात करते. हे आमच्या माउल्यांना पटवणे सर्वांत अवघड, हे मला माहीत आहे.

हाडवैद्याला हसणाऱ्यांच्या पंक्तीत मी नाही. पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या असंख्य सैनिकांना ज्या थॉमस स्प्लिंटने वाचवले, तिचा जनक ह्यू ओवेन थॉमस हाडे बसवणाऱ्यांच्याच घराण्यातला. बापाने त्याला डॉक्टरी शिकायला घातले, एवढाच फरक. आमच्या हाडवैद्यालाही बोलवा, शिकवा. मोडके हाड ओढू नये आणि मणक्याला हात लावू नये, एवढे त्याने मान्य केले तरी पुष्कळ झाले.

'अर्धवट ज्ञान घातक' असे शहाणे म्हणतात. पण हात घालणारे घालतच आहेत, तेही पूर्ण अज्ञानाने! १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, चांगली आहे. पण वस्तीवर पोचायला तिला वेळ लागतो आणि तेवढ्यात उचलबांगडी उरकलेली असते. पोलिसांच्या ससेमिऱ्याचे भय म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने रस्त्यावरच्या जखमीला सद्भावाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

दरवर्षी ३० सप्टेंबरला आपण श्रद्धांजली वाहतो. तेवढे झाले की त्याच मांडवात एक दार आणि चार उपरणी आणावीत, आणि पहिल्यांदा सरपंचांनी आडवे व्हावे. त्यांची उचलबांगडी कशी करावी हे गावाला येतेच. अलगद कसे उचलावे, तेवढे शिकायचे आहे.