सदसद्विवेकाचे गुणपत्रक

दृढीकरण संस्काराच्या पूर्वतयारीसाठी भरणाऱ्या युवा शिबिरांत एक नवा कार्यक्रम घ्यावा, अशी सूचना अलीकडे वारंवार कानी येते. मुलामुलींनी मोबाइलवर एक प्रश्नावली सोडवायची, आपली नैतिक जडणघडण कशी आहे ते आलेखावर पाहायचे आणि मग त्या आलेखांवर गटचर्चा करायची, असा हा बेत आहे. सदसद्विवेकाच्या जुन्या परीक्षणापेक्षा हे अधिक शास्त्रशुद्ध आणि तरुणांना रुचणारे आहे, असे सुचवणाऱ्यांचे म्हणणे. त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. बेताला मात्र माझा विरोध आहे.

प्रथम या प्रश्नावलीचे श्रेय तिला देऊ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट १९९३ साली तीन महिने भुवनेश्वरला राहिले होते. पाश्चात्त्य विद्यापीठांतून नीतीचा विचार तेव्हा मुख्यतः इजा आणि न्याय या दोनच शब्दांत होत असे. भुवनेश्वरच्या घरांत वडीलधाऱ्यांचा मान, कुटुंबनिष्ठा, पावित्र्य हीदेखील नीतीचीच अंगे मानली जातात, हे त्यांना जवळून दिसले. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळजी, न्याय, निष्ठा, अधिकाराचा मान आणि पावित्र्य असे नीतीचे पाच आधार मांडले आणि ते मोजणारी प्रश्नावली तयार करून 'युअर मोरल्स' या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली. तिच्या बहुप्रचलित रूपात तीस प्रश्नांना शून्य ते पाच असे गुण द्यायचे असतात. त्यांशिवाय दोन प्रश्न नुसते पहारेकरी म्हणून पेरलेले आहेत. माणूस गणितात हुशार आहे की नाही, याचा तुमच्या बऱ्यावाईटाच्या निर्णयाशी कितपत संबंध असतो, असे त्यांतला एक विचारतो. न वाचताच बोट दाबणारे त्यात अलगद सापडतात! स्वतःचा नैतिक चेहरा पाहतानाही माणूस वाचायचा आळस करतो, हे प्रश्नकर्त्यांनी बरोबर ओळखले होते.

संशोधनाचे साधन म्हणून या प्रश्नावलीशी माझे भांडण नाही. हजारोंच्या उत्तरांतून एखादा समाज कसा विचार करतो ते कळत असेल, तर अवश्य कळावे. प्रश्न आहे तो हाच आलेख एकट्या माणसाच्या हाती पडतो तेव्हाचा. तुमचे गुण अमेरिकेतील उदारमतवादी आणि परंपरावादी यांच्या सरासरीशेजारी उभे करून दाखवण्याची या चाचणीची रीत आहे. वसईतल्या सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या अंतरात्म्याची उंची अमेरिकेच्या राजकारणातील दोन तटांशी ताडून का पाहावी, हे मला कोणी समजावून सांगेल काय?

पण ही झाली वरवरची तक्रार. चाचणी आपले मत विचारते, सदसद्विवेक आपल्या कृतीचा जाब विचारतो, आणि या दोहोंत किती अंतर असते ते पवित्र शास्त्राने केव्हाच दाखवून ठेवले आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील बारावा अध्याय काढून पाहा. नाथान संदेष्टा दावीद राजाला एक गोष्ट सांगतो. पुष्कळ मेंढरे बाळगणारा एक श्रीमंत आपल्या पाहुण्यासाठी शेजारच्या गरिबाची एकुलती एक, लेकीसारखी वाढवलेली मेंढी कापतो. ऐकून दावीद संतापतो. तो श्रीमंत मरणास पात्र आहे, त्याने मेंढीची चौपट भरपाई केली पाहिजे, असे बजावतो. आजच्या प्रश्नावलीने दाविदाला न्यायाचे पाचपैकी पाच गुण दिले असते आणि काळजीचेही. आणि या वेळेपर्यंत राजेसाहेबांनी काय केले होते? उरीयाची पत्नी राजवाड्यात आणली होती, आणि उरीयाला लढाईच्या तोंडावर मरायला उभे करवले होते. त्याचे उत्तर ढोंगी नव्हते, संताप अस्सल होता. परक्याच्या मेंढीविषयी दावीद न्यायीच होता! गोष्टीतला तो माणूस कोण, हे नाथानाने नंतर तोंडावर सांगितले तेव्हा त्याचा सदसद्विवेक जागा झाला. मोबाइलवरच्या चाचणीत नाथान येत नाही. ती दाविदाची उत्तरे घेते, बेरीज करते आणि त्याला समाधानाने घरी पाठवते.

हे केवळ प्रवचनकाराचे बोलणे वाटू नये म्हणून खुद्द मानसशास्त्राचा दाखला देतो. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघांनी प्रिन्स्टन येथील प्रॉटेस्टंट सेमिनरीच्या चाळीस विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. या विद्यार्थ्यांकडून आधी त्यांच्या धर्मभावनेविषयीच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. नंतर एकेकाला छोटे भाषण देण्यासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले. निम्म्यांचा विषय होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला. वाटेत एक माणूस दाराशी कोसळलेला, खोकत-कण्हत पडलेला, अर्थात मुद्दाम बसवलेला. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के त्याच्यासाठी थांबले. उशीर झाला असे सांगून पिटाळलेल्यांपैकी अवघे १० टक्के. कोण थांबेल आणि कोण नाही, हे भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून सांगता आले नाही. शोमरोन्यावर बोलायला निघाल्यानेही लक्षणीय फरक पडला नाही. सेमिनरीत वाढलेल्या कोणाही धर्मगुरूला हे आकडे सुखाने झोपू देणार नाहीत.

चाचणीचा दुसरा प्रकार खेळासारखा असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली 'मॉरल मशीन' नावाचे एक कोडे जगापुढे ठेवले. चालकाविना धावणाऱ्या मोटारीचे ब्रेक निकामी झाले आहेत. ती कोणाच्या अंगावर घालायची ते तुम्ही ठरवा. २३३ देश व प्रदेशांतून सुमारे चार कोटी निर्णय गोळा झाले आणि २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. कोणाला वाचवावे या क्रमवारीत बाबागाडीतले मूल वर होते आणि तळाशी वृद्ध, कुत्रा, गुन्हेगार, मांजर. गुन्हेगाराचे स्थान कुत्र्याच्याही खाली! क्रूसाच्या उजवीकडे टांगलेल्या चोराची आठवण आपल्याला तरी व्हावी. जर्मन सरकारने नेमलेल्या नीतिविषयक आयोगाने २०१७ सालीच बजावले होते की अपघात अटळ झाला तरी वय, लिंग यांसारख्या व्यक्तिगत लक्षणांवरून माणसामाणसांत निवड करता येणार नाही. खेळ मात्र तीच निवड करायला शिकवतो, आणि शेवटी तुम्ही कोणाला सर्वाधिक वाचवले, कोणाला सर्वाधिक मारले, तेही हसतखेळत सांगतो.

या कोड्याचे कूळ शोधू जाता आपल्याच घराशी पोहोचतो, हे थोड्यांना ठाऊक असेल. १९६७ साली इंग्लिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी गर्भपात आणि दुहेरी परिणामाचे तत्त्व यांवर एक निबंध लिहिला. बेफाम ट्राम आणि रुळांवरची पाच माणसे त्यातच प्रथम अवतरली. दुहेरी परिणामाच्या तत्त्वाचे मूळ स्वसंरक्षणाविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी केलेल्या विवेचनात सापडते. फूटबाईंनी ते तत्त्व गंभीरपणे तपासले आणि शेवटी निराळा मार्ग सुचवला. तो त्यांचा अधिकार. पण कृत्य कोणते, हेतू कोणता, परिस्थिती कोणती, हे तीन प्रश्न आम्हाला सेमिनरीत घोकवले जात, त्यांतील हेतूला या खेळाने पुसूनच टाकले आहे. उरली आहेत ती मोजायची प्रेते आणि त्यांचे पेहराव.

सर्वांत घातक गोष्ट याहून साधी आहे. आलेख माणसाला एक सबब पुरवतो. बापावर ओरडणारा मुलगा म्हणू लागतो, 'फादर, माझा अधिकाराचा आकडाच कमी आहे, मी तसाच आहे.' लग्न ठरलेली दोघे आकडे जुळवून पाहतात आणि रुसवा काढण्याऐवजी त्याला स्वभावभेद असे नाव देऊन मोकळी होतात. पाप हे रक्तगटासारखे झाले, की त्याचा पश्चात्ताप कोण करणार?

यावर एक जाणकार मला विचारतील, संत इग्नेशियस तरी हिशेबच ठेवायला सांगत नव्हते का? सांगत होते. १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळालेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघा आखलेल्या आहेत, आणि ज्या एका दोषाशी आपण झगडत आहोत तो जितक्यांदा घडला तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे आहेत. पण हे ठिपके घडलेल्या गोष्टींचे आहेत, स्वतःच्या गोष्टींचे आहेत, आणि त्यांची तुलना करायची ती कालच्या आणि गेल्या आठवड्याच्या स्वतःशी. ती वही कोणी कोणाला दाखवत नसे.

म्हणून शिबिरे चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की या चाचणीसाठी राखलेला तास रद्द करू नये. मोबाइल दाराशी एका टोपलीत ठेवावेत. प्रत्येकाला कोरा कागद आणि पेन्सिल द्यावी. काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत मी कोणाशी काय बोललो, कोणाचे काय घेतले, कोणासाठी थांबलो आणि कोणाला टाळून पुढे गेलो, ते नावानिशी लिहायला सांगावे. कागद गोळा करू नयेत, गटचर्चाही नको. तास संपल्यावर पापनिवेदनासाठी धर्मगुरू चर्चमध्ये बसलेले असावेत, आणि ज्याला जायचे असेल त्याने जावे.