वहीतील किंमत आणि नावाची किंमत

जुनी रोल्स-रॉईस विक्रीस निघाली की वर्तमानपत्रांना बातमी मिळते आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कोडे पडते. मोटार ही झिजणारी मालमत्ता, असे आपण शिकतो. घटत्या शिल्लक पद्धतीने दरसाल १५ टक्के घसारा काढला, तर १ लाखाची मोटार २० वर्षांनी वहीत अवघी ३,८७६ रुपयांची उरते. मग १९६५ ते १९८० या काळात तयार झालेली सिल्व्हर शॅडो नीट राखलेली असेल, तर तिला आजही लाखांनी मोजणारे गिऱ्हाईक का भेटते?

कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा षोक आहे. रयतेच्या घामावर संस्थानिकांनी मिरवलेल्या मोटारींचे कौतुक आपल्याला कशाला? आक्षेप रास्त आहे. काळानेही त्याचा निवाडा केला. फेब्रुवारी १९७१ मध्ये विमानाच्या नव्या इंजिनाच्या खर्चापायी रोल्स-रॉईस कंपनी बुडाली. त्याच वर्षी डिसेंबरात सव्विसाव्या घटनादुरुस्तीने आपल्याकडील संस्थानिकांचे तनखे बंद झाले. बनवणारा आणि मिरवणारा, दोघांचेही दिवस एकाच वर्षी फिरले!

परंतु कंपनी बुडाली तरी नाव बुडाले नाही. १९०४ साली मँचेस्टरमध्ये रोल्स आणि रॉईस यांची भेट झाली, तेव्हापासून जोखून केलेल्या कामाने ते नाव उभे राहिले होते. १९९८ मध्ये मोटारींचा व्यवसाय पुन्हा विक्रीस निघाला, तेव्हा काय घडले पाहा. फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड मोजून क्रू येथील कारखाना घेतला. पण 'रोल्स-रॉईस' हे नाव विमानांची इंजिने बनवणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे होते. ते बीएमडब्ल्यूने ४ कोटी पौंडांत मिळवले. परिणामी २००३ पासून रोल्स-रॉईस बीएमडब्ल्यू बनवू लागली आणि क्रूच्या कारखान्याकडे बेंटले राहिली. यंत्रे, इमारती, कारागीर एकीकडे आणि नाव दुसरीकडे! ताळेबंदात 'नावलौकिक' म्हणून जी एक ओळ आपण परीक्षेपुरती पाठ करतो, तिचा खरा अर्थ हा.

२००८ साली टाटांनी जग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला विकत घेतल्या. आपल्याला अभिमान वाटला, वाटावाच. पण अभिमानासोबत एक प्रश्नही पडायला हवा. दुसऱ्याचे नाव विकत घेण्याइतके आपण मोठे झालो. स्वतःच्या नावाचे काय?

हा प्रश्न बुऱ्हाणपुरात विचारला नाही, तर कोठे विचारायचा? सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए येथे आला होता. येथील तलम मलमल इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले. म्हणजे रोल्स-रॉईसच्या अडीचशे वर्षे आधी तापीकाठच्या या गावाचे नाव परदेशच्या बाजारात होते. आज यंत्रमागांचा खडखडाट गल्लोगल्ली ऐकू येतो. कोरे कापड गाठोड्यांनी बाहेर जाते. परंतु ते रंगून, छापून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढते, तेव्हा त्यावर बुऱ्हाणपूर हे नाव कितीदा असते? माग आपले, मजूर आपले आणि नाव दुसऱ्याचे. क्रूच्या कारखान्याचीच ही गोष्ट. फरक इतकाच, की तिथे नावाचे पैसे तरी कोणी मोजले.

आपल्याच राज्यातील चंदेरी आणि महेश्वरी साड्यांना भौगोलिक मानांकन आहे. शेजारच्या जळगावच्या केळ्यालाही ते मिळाले. नाव कायद्याने राखता येते, हे यावरून दिसते. मात्र कागद केवळ राखण करतो. नाव कमवावे लागते ते मालाच्या गुणाने. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की वाणिज्य विभागाने यंदा घसाऱ्याच्या उदाहरणांबरोबर आणखी एक काम विद्यार्थ्यांना द्यावे : येथील कापड कोठे जाते, कोणत्या नावाने विकले जाते आणि त्या नावापोटी किती रक्कम दुसऱ्याच्या गल्ल्यात पडते, याचा हिशेब मांडण्याचे. यंत्र झिजते, मोटारही झिजते. नावाला घसारा लागतो तो मालक ते विसरतो तेव्हाच.