जे गाय खात नाही, ते गिनीपिगच्या आवारात नको

शहरातील फ्लॅटमध्ये पिंजऱ्यात राहणारे गिनीपिग सुट्टीत मुळशीच्या शेतघरी नेले, की त्यांना मोकळे सोडावे असे मुलांना वाटणारच. मोठी माणसे जाळीचे कुंपण घालतात, मांजर-कुत्र्यापासून बचाव करतात आणि आत शोभेची चार झाडे लावतात. जाळीचा विचार जितका होतो, तितका झाडांचा होत नाही. गिनीपिगसाठी मात्र आवारातील प्रत्येक पान म्हणजे अन्नच.

मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला हा प्राणी दिवसभर गवत कुरतडतो. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. माणसाप्रमाणे त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते ताज्या पाल्यातूनच मिळावे लागते. म्हणून हिरवा चारा त्याला हवाच. पण त्याला उलटी करता येत नाही. विषारी पान एकदा पोटात गेले, की ते बाहेर टाकण्याचा मार्ग उरत नाही.

अडचण अशी, की कुंपणासाठी आपण झाडे निवडतो ती गुरे खात नाहीत म्हणूनच. महामार्गाच्या दुभाजकांवर कण्हेर लावण्याचे हेही एक कारण आहे. गुरे तिला टाळतात, कारण तिच्या सर्व भागांत हृदयाची लय बिघडवणारे विष असते. छाटलेल्या, वाळलेल्या पानांतही ते टिकते. पिवळी कण्हेर, रुई, धोतरा आणि एरंड यांनाही हाच नियम लावावा. अळू आणि कुंडीतील डिफेनबेकिया यांच्या पानांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घसा का खवखवतो, हे अळूची भाजी करणाऱ्या घरात सांगावे लागत नाही.

घाणेरीबद्दल तर थेट पुरावा आहे. हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिच्या विषबाधेचा अभ्यास गिनीपिगांवरच केला. तिच्या पानांतील विष यकृतावर आघात करते. हीच घाणेरी रंगीत फुलांसाठी रोपवाटिकेतून विकत आणली जाते.

प्राण्याला कडू पान कळते, तो ते सोडून देईल, असे काहींना वाटते. रानात चरणाऱ्या जनावरापुढे निवडीला वाव असतो, म्हणून तिथे ते बहुतेक वेळा खरे ठरते. जाळीच्या आत गवत संपले, की निवडही संपते.

मुळशीत पाऊस आणखी एक काम करतो. मे महिन्यात मोकळी दिसणारी जमीन जुलैत न लावलेल्या रोपांनी भरते. जमिनीखालच्या कंदातून कळलावी उगवते, तिच्यात कोल्चिसिन हे जहाल विष असते. पुण्यात १९५०च्या दशकात प्रथम लक्षात आलेले गाजर गवतही येते. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आवार पायी फिरून पाहावे आणि ओळख न पटलेले रोप मुळासकट काढावे.

मग लावावे काय? साधी हरळी, मका, कोथिंबीर आणि पुदिना. सावलीसाठी जास्वंद, तिची पाने-फुलेही चालतात. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवर कीटकनाशक असू शकते, म्हणून ती काही आठवडे जाळीबाहेर वाढवून मगच आत न्यावीत. नवा हिरवा चारा थोडा थोडा वाढवत द्यावा. गिनीपिगने खाणे थांबवले किंवा लाळ गळू लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता खाल्लेल्या झाडाची फांदी घेऊन पशुवैद्य गाठावा.

हा सगळा भार एकट्या ग्राहकावर टाकणे योग्य नाही. रोपाच्या पिशवीवर फुलांचे छायाचित्र आणि किंमत छापता येते, तर ‘विषारी’ एवढा एक शब्दही छापता येईल. रोपवाटिकांनी तो छापावा आणि गिऱ्हाइकांनी तो मागावा. शेतघराच्या अंगणात फक्त गिनीपिगच रांगत नाहीत. दिसेल ते तोंडात घालणारी लहान मुलेही तिथेच असतात.